चार सेकंद

स्वरूपाताईच्या प्रत्येक मेडलामागे माझा अंगठा आहे.
असं सांगितलं की लोक हसतात.
पण ती रिंकच्या मधोमध उभी राहून मान हलवायची,
मी प्लेचं बटण दाबायचो,
आणि मगच ती सुरू व्हायची.
आधी सीडी होती, मग पेनड्राइव्ह, मग मोबाइल.
अंगठा तोच.

रिंक म्हणजे सिमेंटचा एक चौकोन, कडेला कडुनिंब.
मे महिन्यात सराव पहाटे पाचला,
कारण आठनंतर पडलं
तर गुडघ्याची कातडी जमिनीवरच राहायची.
शेजारी विचारायचे, टीव्हीवर तर बर्फावर करतात ना?
आई म्हणायची, नागपुरात बर्फ
गोळेवाल्याकडे. तो पाय ठेवू देत नाही.

उईके सर पायऱ्यांवर बसून ओरडायचे,
"पायाकडं काऊन पाहून राहिली बाई?
पाय कुठं पळून नाही चालले!"

ॲक्सल म्हणजे हवेत दीड चक्कर.
त्यातली एक चक्कर तिला दहाव्या वर्षी आली.
उरलेल्या अर्ध्या चकरेला
तीन वर्षं लागली, दोन्ही मनगटं आणि एक दात.
तो दात मीच शोधला, नालीच्या जाळीपाशी,
आणि खिशात घालून विसरलो.

बाबांनी माग विकला त्या वर्षी
घरात हातभर जरीकाठ उरला होता.
आईने तो तिच्या ड्रेसच्या गळ्याला लावला.
पाचपावलीत कोणाला न विकलेला तो काठ
भोपाळला, मोहालीला, चेन्नईला
गोल गोल फिरून आला.

विशाखापट्टणमची गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नाही.
ती एकोणीस वर्षांची.
नाव पुकारलं, ती मध्ये गेली,
डावा हात वर, हनुवटी वळवलेली.
तिने मान हलवली. मला दिसली.
मी पाहत बसलो.
इतकी वर्षं तिच्या मानेकडेच लक्ष असायचं,
बाकीची ती मी कधी पाहिलीच नव्हती.
चार सेकंद.
एका परीक्षकाने चष्म्यावरून पाहिलं.
तिचा हात तसाच वर,
काठ मात्र श्वासाबरोबर हलत होता.

मग दाबलं.

पाचवा नंबर. तिसऱ्याला आणि तिच्यात
पॉइंट चारचं अंतर.
परतीच्या गाडीत तिने एवढंच विचारलं,
बिस्किटं उरली का?
आणि वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपली.
मी बल्हारशापर्यंत जागा.

पुढचं लवकर झालं.
गुडघ्यात पाणी. नोकरीचा फॉर्म.
खेळाच्या यादीत मल्लखांब होता, खो-खो होता,
आमचा खेळ "इतर"मध्ये,
आणि इतरला गुण नव्हते.
उईके सर गेले त्या दिवशी ती गेली नाही,
रिंकवर जाऊन कडुनिंबाचा पाला झाडत बसली.

आता ती मेट्रोच्या तिकीट काउंटरवर असते.
परवा दुपारी डबा द्यायला गेलो.
बाहेर सेहेचाळीस, आत कोणी नाही.
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता.
ती उठली नाही.
टाचेने जमीन ढकलली, चाकांची खुर्ची मागे गेली,
अर्धवट वळली, थांबली
बरोबर जिथे थांबायचं तिथे.
एक तसूही पुढे नाही.

मी विचारलं, ताई, विशाखापट्टणमला ते चार सेकंद...
"कोणते?" ती म्हणाली.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले,
डोक्याला ओला दुपट्टा.
"एक सीताबर्डी."
तिचा अंगठा बटणावर गेला
आणि तिथेच राहिला.
ती माझ्याकडे पाहत होती.
गृहस्थांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मी मान हलवली.

तिकीट बाहेर आलं.
"सुटे द्या हो काका," ती म्हणाली,
"सकाळपासून एक दहाची नोट नाही."